बोहारणीचे बाळ

परप्रांतात राहणारी आमची मराठी मंडळी एकत्र जमली, मग तो हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासातला गणेशोत्सव असो, हळदीकुंकू असो, वा कोणा बदली झालेल्या गृहस्थाचा निरोपसमारंभ असो, की एक विनोद हमखास ऐकू येतो. चारपाच वर्षांचे एखादे चुणचुणीत पोर सर्वांदेखत विचारते, "आई, मी कोठून आलो?" आणि आई तोंड उघडण्यापूर्वीच कोणी काका सांगून मोकळे होतात, "तुला ना, दोन जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घेतला!" मंडळी हसतात. पोर एकदा काकांकडे पाहते, एकदा आईकडे. आईही हसत असते. प्रश्न मिटला असे समजून मोठी माणसे पुन्हा बढत्या, भत्ते आणि इलिश माशाचा भाव ह्या गहन विषयांकडे वळतात.

ह्या विनोदाचे हसू येण्यासारखे त्यात काय आहे, हे आम्हांस आजवर उमगलेले नाही. जगात येऊन चार वर्षे झालेल्या माणसाने आपल्या अस्तित्वाचे मूळ विचारावे आणि ज्यांच्यावर त्याचा संपूर्ण भरवसा त्यांनी त्याला थाप मारावी, ह्यात विनोद कोणता? आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: मुलाने हा प्रश्न विचारला की त्याला त्याच्या वयास पेलेल असे, परंतु खरे उत्तर दिले पाहिजे, ते आईवडिलांनीच दिले पाहिजे, आणि ते मराठीत दिले पाहिजे. ह्या तिन्ही गोष्टींस आपल्या समाजातून जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा समाचार घेण्यासाठी हा लेख आहे.

आमचा वाचकवर्ग मुख्यतः नोकरदार आहे. कोणी रेल्वेत, कोणी भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, कोणी कोळसा खात्यात, बँकेत वा विम्यात. टेबलावर आलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे म्हणजे काय, हे ह्या वर्गास कोणी शिकवायला नको. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये कोणीही अनोळखी नागरिक दहा रुपये भरून प्रश्न विचारतो आणि त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. विनाकारण उशीर केला तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड, आणि तोही अधिकाऱ्याच्या पदरचा. जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यासही हाच कायदा शासन करतो. असा हा कायद्याला जपणारा अधिकारी संध्याकाळी घरी येतो, आणि स्वतःच्या मुलाने विचारलेला प्रश्न "आईला विचार" असे म्हणून दुसऱ्या विभागाकडे अग्रेषित करतो. आई "मोठा झालास की कळेल" असा शेरा मारून नस्ती बंद करते. परक्याला सत्य सांगण्याचे बंधन आणि पोटच्या पोराला मात्र थाप! मुलाला अपील करण्यास वरिष्ठ अधिकारी नसतो, एवढाच काय तो फरक.

आता ह्या थापा एकेक करून तपासू. "देवबाप्पाने दिला" ही त्यातली सर्वांत सोज्ज्वळ. श्रद्धावान कुटुंबात ती थाप म्हणून सांगितली जात नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु मुलाने विचारलेले असते ते 'कोठून', आणि सांगितले जाते ते 'कोणी'. पुढे कधी दुर्दैवाने आईचा गर्भ राहिला नाही, किंवा झालेले भावंड दगावले, तर देणाऱ्या देवाने ते परत का नेले, ह्या प्रश्नाला तोंड देण्याची पाळी त्याच आईवर येते. "दवाखान्यातून आणला" ही दुसरी थाप अधिक चतुर आहे, कारण ती मुलाच्या डोळ्यांदेखत खरी ठरते. आई पिशवी भरून दवाखान्यात जाते आणि तीनचार दिवसांनी बाळ घेऊन परत येते. मग आजी आजारी पडून दवाखान्यात जाते आणि परत येतच नाही. दवाखाना हे माणसे देण्याघेण्याचे ठिकाण आहे असा निष्कर्ष मुलाने काढला, तर त्याची चूक काय?

तिसरी थाप बोहारणीची. तिच्यावर आमचा विशेष राग आहे, आणि त्याचे कारण आपल्या फिरस्त्या संसारात आहे. दर तीनचार वर्षांनी बदलीचा हुकूम येतो. घरातील कपाट विकले जाते, सायकल कोणाला दिली जाते, जुने कपडे भांडी देणाऱ्या बाईच्या बोचक्यात जातात. खेळगडी मागे राहतात, शाळा मागे राहते. नकोशा वस्तूंचे काय होते हे स्थिर घरातल्या मुलापेक्षा आपल्या मुलांना कितीतरी अधिक ठाऊक असते. अशा मुलाला "तूही तिच्याकडूनच आलास" असे सांगणे म्हणजे त्याच्या पायाखालची उरलीसुरली जमीन काढून घेणे आहे. ही थाप इथेच थांबत नाही, लवकरच तिला पुरवणी जोडली जाते: "त्रास दिलास तर परत देऊन टाकीन." विनोदाची धमकी व्हायला असा कितीसा वेळ लागतो? आणि ज्या घरात मूल खरोखरच दत्तक आलेले असते, तेथे तर ह्या विनोदाला क्रौर्य हाच एक शब्द आहे.

कोणी म्हणेल, ही थट्टा काही आजची नव्हे, आपल्या पणज्याही असेच सांगत. पणज्या काय करीत ते नीट पाहिले पाहिजे. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे नवे मूल जन्मले की त्याचे नाव दगडू, धोंडू, भिकू, केरू असे ठेवीत. कोठे ते शेजारणीच्या ओटीत टाकून पसाभर धान्यावर परत विकत घेत. येथे बंगालमध्येही हीच रीत होती. तिनकडी, पाचकडी, सातकडी ही जुन्या पिढीतील बंगाली नावे तीन, पाच वा सात कवड्या देऊन विकत घेतलेल्या मुलांची आहेत. परंतु ही थाप कोणाला मारलेली होती? यमदूताला, सटवाईला, दृष्ट लावणाऱ्या जगाला. हे मूल कवडीमोलाचे आहे, ह्याच्याकडे पाहू नका, असे सांगून त्या माउल्या मुलाला मृत्यूपासून लपवीत होत्या. लागोपाठ दोनतीन पाळणे रिकामे झालेल्या घरातली ती आर्त युक्ती होती. आज आपण मृत्यूला न फसवता मुलालाच फसवतो, आणि तेही केवळ आपली अडचण टळावी म्हणून. ह्याला परंपरा म्हणणे म्हणजे पणज्यांची विटंबना आहे.

संस्कृतीचा आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्या संस्कृतीकडे थोडे निरखून पाहावे, अशी आमची विनंती आहे. ज्या धर्मात मुलाचे संस्कार त्याच्या जन्माआधीच, पुंसवन आणि सीमंतोन्नयनापासून, सुरू होतात, त्या धर्माने गर्भाची लाज बाळगली असे कोण म्हणेल? गर्भोपनिषद नावाचे एक छोटेसे उपनिषदच आहे. एका रात्रीचा गर्भ कसा, सात रात्रींचा कसा, पंधरवड्याचा कसा, दुसऱ्या महिन्यात डोके कसे आणि तिसऱ्यात पाय कसे, ह्याचा क्रम त्यात मांडला आहे. त्यातील शरीरशास्त्र आज टिकणारे नाही. परंतु विचारणाऱ्याला गप्प बसवण्याची वृत्ती त्यात नाही. आपल्याकडे डोहाळजेवण आहे, बंगाल्यांकडे 'साध' आहे. आपली सटवाई आणि त्यांची मांजरावर बसणारी माता षष्ठी ह्या मुळात एकच. डोहाळजेवणात गर्भारशीला झोपाळ्यावर बसवून सर्व गावाला जाहीर करायचे की हिच्या पोटी बाळ आहे, आणि त्याच झोपाळ्याला झोके देणाऱ्या पोराला सांगायचे की बाळ दवाखान्यात विकत मिळते. ही कोठली संगती?

आणि अभिमन्यू? पाच वर्षांच्या कोणत्या मराठी मुलाला अभिमन्यूची गोष्ट सांगितली गेलेली नाही? सुभद्रेच्या पोटात असताना त्याने चक्रव्यूह भेदण्याची विद्या ऐकली, आई झोपी गेली म्हणून बाहेर पडण्याची विद्या राहून गेली. मूल ही गोष्ट ऐकते, पोटातले बाळ ऐकू शकते हे मान्य करते, आणि पुढचा प्रश्न विचारते: "मग मी कोणाच्या पोटात होतो?" ह्या घडीला बोहारीण पुढे करणारा मनुष्य केवळ खोटे बोलत नाही, तो स्वतःच सांगितलेल्या महाभारतालाही खोटे पाडतो.

जुन्या वाड्यांत ह्या प्रश्नाची उत्तरे फारशी द्यावी लागत नसत, कारण ती दिसत असत. बाळंतिणीची खोली घरातच होती. शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, सुईणीची ये-जा मुले पाहत होती. गोठ्यात गाय व्यायली की पोरे भिंतीवर बसून वासरू पाहत. बंगाली घरांतले आँतुडघरही असेच घराच्याच आवारात असे. आज सॉल्ट लेकच्या चौथ्या मजल्यावरील सदनिकेत गायही नाही आणि सुईणही नाही. मात्र सोनोग्राफीच्या प्रत्येक केंद्राबाहेर १९९४ च्या कायद्याने सक्तीचा केलेला फलक आहे. सुट्टीत पुण्याला वा नागपूरला गेलेला दुसरीतला मुलगा तो अक्षरे जुळवून वाचतो: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. गर्भ, लिंग आणि निदान असे तीन शब्द त्याला शासनाने एकाच ओळीत दिलेले असतात. ते वाचून त्याने प्रश्न विचारला तर त्याला दटावण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

महाराष्ट्राने ह्या बाबतीत स्वतःची पाठ थोपटून घ्यावी असे एक नाव आपल्याकडे आहे, परंतु ते घेताना पाठ थोपटण्याआधी मान खाली घालावी लागेल. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. ह्या विषयापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकपदावरून दूर व्हावे लागले. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्यावरील आरोप काय होता? वाचकांनी लैंगिक विषयावर विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी छापील उत्तरे दिली. बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले; तरीही कर्वे ह्यांना दंड झाला. प्रश्न विचारणारे सुटले, उत्तर देणारा गुन्हेगार ठरला. तेव्हापासून आजवर आपल्या समाजाने हा न्याय फारसा बदललेला नाही. २००७ मध्ये किशोरवयीन मुलांसाठीचा शालेय शिक्षणक्रम ज्या राज्यांनी थोपवला, त्यांत कर्व्यांचा महाराष्ट्रही होता.

ज्या शहरात आम्ही हे लिहीत आहोत, त्याच शहरात "हे बाळ कोठून आले?" हा प्रश्न एकदा सरकारदरबारी विचारला गेला होता. त्याची हकीकत बदलीच्या नोकरीतल्या प्रत्येक वाचकाने ऐकण्यासारखी आहे. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईझ ब्राउन ही जगातील पहिली नलिकाबालिका जन्मली. त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात पूजेच्या तोंडावर एक मुलगी जन्मली. तिला 'दुर्गा' हे नाव मिळाले. डॉ. सुभाष मुखोपाध्याय आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी तुटपुंज्या साधनांनिशी, गर्भ गोठवून ठेवून आणि नंतर आईच्या गर्भाशयात सोडून, हे घडवून आणले होते. डॉक्टरांनी खरे उत्तर दिले. परंतु राज्य शासनाने नेमलेल्या समितीने ते खोटे ठरवले. जपानमध्ये जाऊन आपले काम शास्त्रज्ञांपुढे मांडण्याची परवानगी त्यांना नाकारण्यात आली. शेवटी जून १९८१ मध्ये, प्रजननशास्त्रात जन्म घालवलेल्या ह्या माणसाची बदली नेत्रविकारांच्या संस्थेत झाली. बदली हे शस्त्र कसे चालते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. १९ जून १९८१ रोजी डॉ. मुखोपाध्यायांनी आपले जीवन संपवले.

ह्या मृत्यूवर रमापद चौधुरी ह्यांनी कादंबरी लिहिली, तिचे नाव 'अभिमन्यू'. तिच्यावरून तपन सिन्हा ह्यांनी १९९० मध्ये 'एक डॉक्टर की मौत' हा चित्रपट काढला. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या नलिकाबालिकेमागे डॉ. इंदिरा हिंदुजा ह्यांच्यासह ज्यांचे श्रम होते, त्या डॉ. टी. सी. आनंदकुमार ह्यांनी मुखोपाध्यायांचे कागद स्वतः तपासले आणि १९९७ मध्ये देशातील पहिल्या यशाचे श्रेय त्यांना दिले. शास्त्रज्ञाच्या अंगी असावा असा हा मोठेपणा. आणि दुर्गा? समाज काय म्हणेल ह्या भीतीने वर्षानुवर्षे अज्ञात राहिलेली ही मुलगी पंचविशीत पोहोचल्यावर स्वतः लोकांपुढे आली आणि आपण कोठून आलो हे तिने सांगितले. ज्या उत्तराने एका समितीतील विद्वान गडबडले, ते उत्तर ज्या मुलीचे होते तिला मुळीच जड गेले नाही. जन्माचे सत्य मुलांना झेपत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. झेपत नाही ते मोठ्यांना.

आता निरागसतेचा आक्षेप. खरे सांगितले तर मुलाची निरागसता जाईल, असे म्हणतात. निरागस म्हणजे निष्पाप. निष्पाप म्हणजे अज्ञानी, हा अर्थ कोणत्या कोशात दिला आहे? आणि मूल उत्तराशिवाय रिकामे राहते असे ज्यांना वाटते, त्यांनी मुले पाहिलेलीच नाहीत. फ्रॉइडच्या इतर मतांविषयी कोणाचे काहीही मत असो. १९०७ मध्ये त्याने मुलांच्या ह्या जिज्ञासेला आरंभापासूनच सरळ उत्तर द्यावे असे लिहिले, आणि पुढच्याच वर्षी दाखवून दिले की उत्तर मिळाले नाही तर मूल स्वतःच सिद्धान्त रचते: बाळ शौचावाटे येते, बेंबी उघडून येते, काही खाल्ल्याने होते. त्याच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्या गिरींद्रशेखर बोस ह्यांनी १९२२ मध्ये ह्याच कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. शंभर वर्षे ज्या शहरात ही चर्चा झाली, तेथील मराठी दिवाणखान्यात अजून बोहारीणच राज्य करते, हे काही भूषण नव्हे.

निरागसतेच्या ह्या पडद्याआड काय घडते, ते केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नमूद आहे. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या ह्या पाहणीत निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले; आणि त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. २०१२ मध्ये कायदा झाला, चांगले झाले. परंतु कायद्याकडे तक्रार जाण्यापूर्वी ती मुलाच्या तोंडून आईच्या कानी जावी लागते. ज्या मुलाला आपल्या शरीराच्या भागांची नावे दिलेली नाहीत, आणि ज्याला एकदा खरे विचारल्यावर घरभर हसू ऐकावे लागले आहे, ते मूल ही तक्रार कोणत्या शब्दांत आणि कोणत्या धीराने करील? पहिल्या प्रश्नाला जे उत्तर मिळते, त्यावरून मूल ठरवते की ह्या घरात पुढचा प्रश्न विचारायचा की नाही. आपल्या कुटुंबांत तर आत्या, मावशी, आजी हे दुसरे दरवाजेही जवळ नसतात. त्या हजार कोसांवर नाशिकला, सांगलीला बसलेल्या असतात. आईबापांचा दरवाजा लागला की मुलाने जायचे कोठे? उरतो तो हातातला मोबाइल. तो थाप मारीत नाही, हसत नाही, आणि सहा वर्षांच्या मुलापुढे काय ठेवावे ह्याची त्याला लाजही नाही.

रसिक मंडळींचा एक नाजूक आक्षेप आहे, त्याचाही विचार केला पाहिजे. ते म्हणतात, शास्त्र कशाला सांगता? रवींद्रनाथांसारखे काव्य सांगा. त्यांच्या 'शिशु' ह्या संग्रहात 'जन्मकथा' नावाची कविता आहेच. तीत मूल आईला हाच प्रश्न विचारते आणि आई त्याला आपल्या प्रेमाची, आपल्या इच्छेची कथा सांगते. आम्हांस ती कविता फार प्रिय आहे. परंतु तिचा दाखला देणाऱ्यांनी तिचा जन्म आठवावा. नोव्हेंबर १९०२ मध्ये रवींद्रनाथांच्या पत्नी मृणालिनीदेवी वारल्या होत्या; १९०३ मध्ये आजारी मुलीला घेऊन ते अल्मोड्याला राहिले असता 'शिशु'मधील कविता लिहिल्या गेल्या. आई नसलेल्या घरात लिहिलेले ते आईचे उत्तर आहे. त्यात आई मुलाला बाहेरच्या कोणाकडून आणत नाही. ती त्याला स्वतःमध्येच शोधते. म्हणजे ती कविता थापेच्या बाजूने साक्ष देत नाही, विरुद्ध देते. शरीराचे सत्य सांगितल्यावर त्यावर हे प्रेमाचे सत्य अवश्य सांगावे. एकाने दुसऱ्याची जागा अडवू नये, इतकेच.

मग सांगायचे तरी काय? टीका करणाऱ्याने उपाय सांगावा हे योग्यच आहे, म्हणून सांगतो. चार वर्षांच्या मुलाने विचारले, "मी कोठून आलो?" तर सांगावे: "बाळा, तू माझ्या पोटात होतास. जेवण जाते त्या जागी नव्हे. त्याच्या खाली बाळासाठी एक वेगळी पिशवी असते, तिला गर्भाशय म्हणतात. तेथे तू नऊ महिने वाढलास." आपल्या बायका गर्भाशयाला बोलताना पिशवीच म्हणतात, मुलाला ह्याहून सोपा शब्द कोणता हवा? पाचसहा वर्षांच्या मुलीने विचारले, "मग मी तिथे काय खात होते?" तर तिला तिची बेंबी दाखवावी आणि नाळेची गोष्ट सांगावी. "बाहेर कशी आले?" तर सांगावे: "बायकांना बाळ बाहेर येण्यासाठी पायांच्या मध्ये एक वाट असते, तू तेथून आलीस," किंवा, खरे तसे असेल तर, "डॉक्टरांनी माझ्या पोटाला छेद देऊन तुला अलगद बाहेर काढले, ही पाहा त्याची खूण." "आत कशी गेले?" ह्या प्रश्नाला आमचे अधिकारी सर्वांत भितात, आणि त्याचेच उत्तर सर्वांत सोपे आहे: "आईच्या शरीरात एक बीज असते, बाबांच्या शरीरात दुसरे, दोन्ही एक झाली की बाळ सुरू होते." आठनऊ वर्षांचे मूल त्यापुढचे विचारील, तेव्हा त्यापुढचे सांगावे. दत्तक मुलाला सांगावे की तू दुसऱ्या एका आईच्या पोटात वाढलास आणि आम्ही तुला आपलेसे केले. तेही खरेच आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही.

विचारले तेवढेच सांगावे. चार वर्षांच्या मुलापुढे तासभर व्याख्यान झोडणारा हौशी सुधारकही आम्हांस नको आहे. प्रश्न एका ओळीचा असताना टिपणी दहा पानांची करू नये, हे कचेरीतले शहाणपण येथेही चालते. आणि माहीत नसेल तर "पाहून सांगतो" म्हणावे, व खरोखरच पाहून सांगावे. स्त्रीबीज म्हणजे एका मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढे, टिंबाहूनही लहान. सस्तन प्राण्यांचे हे बीज कार्ल फॉन बेअर ह्या शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये प्रथम ओळखले. त्यापूर्वी जगातील सर्वांत मोठ्या पंडितालाही मुलाच्या ह्या प्रश्नाचे पुरे उत्तर देता येत नव्हते. उत्तर ठाऊक नसताना पाळलेले मौन क्षम्य होते. आज दहावी पास झालेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

शेवटी भाषेविषयी, कारण परप्रांतातील मराठी मासिकाला त्याविषयी बोलण्याचा हक्क आहे. आपली मुले शाळेत इंग्रजी बोलतात, अंगणात बंगाली आणि हिंदी. चांगला स्पर्श कोणता, वाईट कोणता, हे शाळा त्यांना इंग्रजीत शिकवते. शरीराविषयी घरात कोणी चकार शब्द काढत नाही. तेव्हा शरीराची भाषा इंग्रजी आणि मराठी ही फक्त आरतीची व श्रीखंडाची भाषा, अशी वाटणी आपण होऊन झाली आहे. मराठी ह्या बाबतीत दरिद्री आहे काय? कूस, गर्भ, नाळ, वार, बाळंतपण, सुटका, पोटुशी, सहोदर. एका पानात मावणार नाहीत इतके शब्द तिच्याकडे आहेत. मुलाला ते आपणच द्यायचे नाहीत आणि पुढे पंधराव्या वर्षी तो मराठीत मन मोकळे करीत नाही म्हणून हळहळायचे, हा न्याय नव्हे.

त्यातही 'नाळ' हा शब्द पाहा. मंडळाच्या व्यासपीठावरून दरवर्षी कोणीतरी सांगतोच की आपण कोठेही असलो तरी मायभूमीशी आपली नाळ तुटता कामा नये. बंगालीतही ह्या भावनेला 'नाडीर टान' म्हणतात, म्हणजे नाळेची ओढ. श्रोत्यांत पुढच्या रांगेत मुले बसलेली असतात. नाळ म्हणजे हातभर लांबीची, आईकडून आपल्याला अन्न आणि प्राणवायू आणणारी दोरी, आणि बेंबी ही तिची उरलेली खूण, हे त्यांतल्या किती जणांना कोणी सांगितले आहे? येत्या उत्सवात ज्या वक्त्याच्या भाषणात हा शब्द असेल, त्याने आधी घरी आपल्या मुलाला त्याची बेंबी दाखवून हा शब्द शिकवावा. भाषण त्यानंतर करावे.